धाकटीची शिकवणी

४ मार्च, सोमवार

तीच निघाली!

महिनाभर हसरा मॅनेजर ऐकवत होता — शहरातल्या केंद्रातून मॅडम येणार, तण काढायचं नवं यंत्र येणार, सगळ्या बायकांना ट्रेनिंग मिळणार. (हा माणूस कायम हसतो. कुणाची हजेरी कापतानाही हसतो.) मी म्हटलं, येऊ दे कुणीही, आपल्याला काय! आणि आज गाडीतून उतरलं कोण? माझी धाकटी जाऊ. पायात बूट, गळ्यात ओळखपत्र, केस मानेपर्यंत कापलेले.

पाच वर्षांत तोंड बघितलं नव्हतं. बघायचंही नव्हतं.

"जाऊबाई, बऱ्या आहात ना?" — सगळ्यांसमोर! माझ्या टोळीतल्या बावीसच्या बावीस बायका खुरपी हातात धरून माझ्याकडे बघायला लागल्या. मी म्हटलं, "इथे मला मुकादम म्हणतात." चेहरा पडला तिचा. पडू दे.

५ मार्च, मंगळवार

हे म्हणतात, जुनं उकरून काढू नकोस. यांना काय! दिवसभर शिलाई मशीनवर बसून लोकांच्या पँटी आखूड करायच्या. तिचा नवरा यांचा सख्खा भाऊ, म्हणून सगळं माफ.

सासूबाई अकरा महिने अंथरुणाला खिळून होत्या. कूस बदलायची मी, धुवायचं मी, चमच्याने भरवायचं मी. आणि सकाळी सात वाजता शेतावर हजर, तीही मीच. ही बाई तेव्हा शहरात परीक्षा देत होती. "जाऊबाई, फक्त दोनच पेपर राहिलेत हो." त्या दोन पेपरांत सासूबाई गेल्या! ही आली दुसऱ्या दिवशी, बसमधून रडत रडत. मी दारातच सांगितलं — या घराची पायरी तुला बंद. दीर तिच्यामागे निघून गेला. गेला तो गेलाच.

आणि आता ती मला शिकवणार. वीस वर्षं तण काढलंय मी. मला!

७ मार्च, गुरुवार

यंत्र आलं. पिवळं. चार चाकं, पोटाखाली दोन कॅमेरे आणि पुढे लोखंडाच्या सहा बारीक बोटांचे दोन पंजे. ओळीवरून हळूहळू सरकतं, कॅमेऱ्याने रोप बघतं, तण दिसलं की पंजा खाली घालतं आणि उपटतं. बायकांनी लगेच नाव ठेवलं — खेकडा.

पहिल्याच ओळीत खेकड्याने टोमॅटोची चौदा रोपं उपटली आणि तण जसंच्या तसं उभं! घड्याळ इतकी हसली की बांधावर बसली. (घड्याळ म्हणजे आमच्यातली सगळ्यात वयस्कर. सावली बघून वेळ सांगते, पाच मिनिटांचाही फरक नाही.) म्हणाली, "याला चष्मा लावा गं कुणीतरी!"

मीही हसले. खूप दिवसांनी पोट धरून हसले. धाकटी नाही हसली. वहीत काहीतरी लिहीत उभी राहिली.

८ मार्च, शुक्रवार

खताच्या गोदामात वर्ग. प्लॅस्टिकच्या खुर्च्या, नाकात खताचा वास. टॅब चालू करणे आणि बंद करणे. तीन तास!

१२ मार्च, मंगळवार

आज कळलं हे ट्रेनिंग कशाचं आहे ते. खेकड्याला आधीपासून काही येत नाही. त्याने काढलेले फोटो टॅबवर येतात. प्रत्येक रोपावर बोट ठेवून सांगायचं — पीक असेल तर हिरवी खूण, तण असेल तर लाल. अशा हजारो खुणा केल्या की त्याला समजायला लागतं. म्हणजे आम्ही यंत्र शिकायचं नाहीच, यंत्राला आम्ही शिकवायचं! मग ही बाई कशाला हवी मध्ये?

मी पन्नास फोटो पाऊण तासात केले. एकही चुकला नसेल. घोळ, लव्हाळा, हरळी ही तणं तर आंधळ्यालाही कळतात. खरी गोम कामोणीत. कोवळी असताना हुबेहूब टोमॅटो. पण टोमॅटोच्या देठावर बारीक लव असते, कामोणी गुळगुळीत. पानाची कडही वेगळी. मी बायकांना दाखवलं. पोपटने तर दहा मिनिटांत उचललं. (पोपट म्हणजे टोळीतली सगळ्यात लहान सून. एकदा सांगितलेलं परत जसंच्या तसं म्हणून दाखवते.)

धाकटी आली, पोपटच्या हातातला टॅब काढून घेतला. "तू जरा थांब. इतकी घाई नको." पोरीचं तोंड एवढंसं झालं.

हुशार माणूस समोर दिसला की हिच्या पोटात दुखतं. पहिल्यापासून.

१५ मार्च, शुक्रवार

परीक्षा घेतली. सगळ्या नापास! बावीसच्या बावीस! घड्याळला शून्य. तिने माझ्यासमोर सगळ्या खुणा बरोबर केल्या होत्या, मी स्वतः मागे उभी राहून बघितलं. मी विचारलं, कुठे चुकली ती? धाकटी फळ्याकडे तोंड करून म्हणाली, "अजून सराव हवा."

घड्याळला लिहिता-वाचता येत नाही. आयुष्यात पहिली परीक्षा दिली होती बाईने. घरी जाताना म्हणाली, "जाऊ दे ताई, माझं डोकंच दगड." मला इतका संताप आला की हातातलं खुरपं बांधावर दोनदा आपटलं.

१८ मार्च, सोमवार

परत टॅब चालू करणे आणि बंद करणे! तोच धडा, तेच चित्र, तेच शब्द. मी मोठ्याने म्हटलं, "मॅडम, आता तर खेकड्यालाही पाठ झालं असेल." बायका फिसकन हसल्या. तिने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. डोळ्यांखाली काळं आलंय तिच्या. कशाने झोप उडाली आहे देव जाणे. जास्त पगाराने असेल.

२० मार्च, बुधवार

खेकड्याने आज एकोणीस रोपं उपटली. शिकतोय की विसरतोय?

२२ मार्च, शुक्रवार

दुसरी परीक्षा. परत सगळ्या नापास. हसरा गोदामात येऊन उभा राहिला, निकाल ऐकला आणि हसत म्हणाला, "मॅडम, दुसऱ्या शेतांवर दहा दिवसांत झालं म्हणे." ती म्हणाली, "इथल्या बायकांना जरा वेळ लागतोय. यंत्रही अजून तयार नाही."

इथल्या बायकांना! म्हणजे आम्ही ढ! ज्या बायकांबरोबर ही याच घरातून डबा घेऊन शेतावर यायची, दोन वर्षं याच ओळींत खुरपायची, त्याच बायकांना नावं ठेवते! ती शेतावर यायची तेव्हा तिला खुरपं धरायला कुणी शिकवलं होतं? मी. पहिल्या दिवशी बोट कापून घेतलं होतं, चिंधी कुणी बांधली? मी.

घरी येऊन यांना सांगितलं. हे सुईत दोरा ओवत होते. म्हणाले, "तिचं काही कारण असेल." मी म्हटलं, "कारण एकच. मी." जेवलेच नाही.

२६ मार्च, मंगळवार

पोपट बांधावर कानाशी येऊन म्हणाली, "ताई, काल आपण कामोणीवर लाल खूण केली होती ना? आज ती हिरवी दिसते." मी म्हटलं, तुझा घोटाळा झाला असेल. "नाही ताई. माझा नाही होत." ते मात्र खरं.

२७ मार्च, बुधवार

आज मी मुद्दाम तीस फोटो केले आणि प्रत्येकाची खूण कागदावर उतरवून घेतली. लाल की हिरवी. कागद पर्समध्ये. उद्या सकाळी बघू.

२८ मार्च, गुरुवार

तीसपैकी अकरा बदललेल्या! अकरा! लालची हिरवी, हिरवीची लाल. बायका संध्याकाळी पाचला घरी जातात, टॅब कुणाकडे राहतो? तिच्याकडे. एकटीकडे.

म्हणून खेकडा टोमॅटो उपटतो! म्हणून आम्ही नापास! दिवसभर आम्ही शिकवायचं आणि संध्याकाळी हिने पुसायचं!

वर्गात उभी राहिले आणि कागद तिच्या नाकासमोर धरला. "हे काय आहे?" ती पांढरीफटक. कागद बघितला, मग दाराकडे बघितलं, हसरा कुठे आहे ते. अगदी हळू म्हणाली, "इथे नको, जाऊबाई. संध्याकाळी घरी येते. सगळं सांगते."

"घरी? कुणाच्या घरी?" मी म्हटलं.

तरी आली! दिवे लागायच्या सुमाराला. दार वाजवलं. हे उठायला लागले, मी खांद्याला धरून खाली बसवलं. बाहेरून म्हणते, "जाऊबाई, पाच मिनिटं. फक्त तुमच्याशीच बोलायचंय. दारातून सांगण्यासारखं नाही." मी यांच्या मशीनवर जाऊन बसले आणि पाय मारायला लागले. सुईखाली कापड नाही, काही नाही. नुसतं खडखडखडखड. जोरात. ती बोलत होती, ओठ हलताना खिडकीतून दिसत होते. मला एक शब्द ऐकायचा नव्हता. माफी मागायची असेल! पाच वर्षांनी, चोरी पकडल्यावर! सासूबाई गेल्या तेव्हा नाही मागितली.

सुई मोडली. तेव्हा थांबले. ती गेली होती.

यांनी नवी सुई बसवली आणि दिवा लावला.

२९ मार्च, शुक्रवार

तिसरी परीक्षा. नापास. आता मीही नापास!

१ एप्रिल, सोमवार

गेले ऑफिसात. चप्पल बाहेर काढली, पदराआड काही ठेवलं नाही, स्पष्ट सांगितलं — माझ्या बायकांना सगळं येतं. मॅडम मुद्दाम खुणा बदलतात. हा घ्या कागद. विश्वास नसेल तर टॅब दोन दिवस माझ्या ताब्यात द्या, मग बघा खेकडा काय करतो ते.

हसऱ्याने कागद वाचला. परत वाचला. पहिल्यांदाच त्याचं हसू गेलं. म्हणाला, "ती तुमची जाऊ ना?"

"घरचं घरी, साहेब. मी कामाचं बोलतेय."

मग परत हसला. टॅब उघडायचा आकडा कागदावर लिहून दिला. धाकटीला दोन दिवस ऑफिसात बसायला सांगितलं.

बाहेर आले तर बायका उभ्याच. काही सांगायची गरज पडली नाही, माझ्या तोंडावरच दिसत होतं. घड्याळने माझा हात दोन्ही हातांत धरला.

३ एप्रिल, बुधवार

काय सांगू! दोन दिवस आम्ही मान वर केली नाही. बावीस जणी आणि मी. दोघी-दोघींनी एक फोटो बघायचा, दोघींचं एकमत झालं तरच खूण. पोपट टॅबवर, बाकीच्या शेतात प्रत्यक्ष रोपाशी बसून. "हिचं देठ चोळून बघ गं!" "लव आहे का? मग टोमॅटोच!" घड्याळला अक्षर येत नाही पण पान येतं. तिने एकटीने तीनशे रोपं सांगितली, एकही चूक नाही. चहासुद्धा विसरलो.

आज दुपारी खेकडा ओळीत सोडला. हसरा, त्याच्याबरोबर मालकाकडची दोन माणसं, आणि आम्ही सगळ्या बांधावर. खेकडा सरकला. पंजा खाली — लव्हाळा. परत खाली — घोळ. मग कामोणी आणि टोमॅटो, एकमेकांना चिकटून उगवलेले. थांबला. पंजा गेला खाली आणि कामोणी वर! टोमॅटोला धक्कासुद्धा नाही!

बायका ओरडल्या, टाळ्या पिटल्या, पोपटने उड्या मारल्या. पूर्ण ओळ, एक रोप वाया नाही. दुसरी ओळ, एकही नाही. मालकाकडच्या माणसाने माझा फोटो काढला. "या बाईंनी शिकवलं?" हसरा म्हणाला, "यांनीच." मग तिथेच, बांधावर, परीक्षा घेतली. सगळ्या पास. घड्याळ पास! ती रडली. मीही, थोडीशी.

ऑफिसच्या खिडकीत धाकटी उभी होती. टाळ्या नाही, काही नाही. काचेला कपाळ लावून नुसती बघत होती. जळ म्हणावं!

४ एप्रिल, गुरुवार

तिला परत पाठवलं. केंद्रालाही कळवलंय म्हणे, नोकरीचं काय होईल सांगता येत नाही. होऊ दे जे व्हायचं ते. दोन पेपर देऊन मिळवलेली नोकरी आहे, परत द्यावेत पेपर.

फाटकाशी बसची वाट बघत होती. मी मुद्दाम समोरून गेले. वाटलं शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. म्हणाली, "जाऊबाई, टोमॅटोची तोडणी कधी सुरू होते हो?"

"वीस तारखेला." वीस वर्षं इथे आहे मी, तेही मला विचारते!

"म्हणजे सोळा दिवस," ती म्हणाली. "सोळाच राहिले होते."

आणि खाली बसली, रस्त्याच्या कडेला, बॅगेवर. डोकं फिरलं असेल. मी मागे वळून बघितलं नाही.

८ एप्रिल, सोमवार

सकाळी हसऱ्याने बोलावून कागद हातात दिला. खुरपणी बंद. खेकडा आहे, अजून दोन येतायत. तो चालवायला मी आणि तिघी जणी. बाकी एकोणीस बायकांनी उद्यापासून यायचं नाही. "एकदा तोडणी सुरू झाली की हात लागतात, मग बायकांना काढता येत नाही. त्याच्या आत उरकायचं होतं. तुमची जाऊ दर आठवड्याला लिहून द्यायची, अजून तयार नाहीत, अजून मुदत द्या. किती बायका कमी करायच्या तो हिशेब पहिल्या दिवशीच तिला सांगितला होता, तेव्हापासूनच ओढत होती बाई. तुम्ही होतात म्हणून झालं."

हसत होता.

यादी मला वाचायला लावली. वाचली. घड्याळ म्हणाली, "ताई, मॅडमला एक फोन लाव ना. तुझी जाऊ आहे, काहीतरी करेल ती."

तिचा नंबर माझ्याकडे नाही. पाच वर्षांत घेतलाच नाही.